प्रवाळांचं ब्लीचिंग: एकच आकडा सगळ्यांना कसा लागू झाला

पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं, अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, म्हणजे ब्लीचिंग, हे आता बहुतेकांच्या वाचनात आलेलं आहे. पण सगळे प्रवाळ सारखे पांढरे पडत नाहीत, पडलेले सगळे मरतही नाहीत, आणि बातम्यांमधे उष्णतेच्या ताणाचा जो आकडा (डिग्री हीटिंग वीक्स) येतो त्यात हा फरक दिसतच नाही.

जुनं थोडक्यात. 1928-29 मधे ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेत उष्णतेने शेवाळ बाहेर पडताना पाहिलं होतं. 1982-83 च्या एल निनोत गॅलापागोसचे बहुतेक प्रवाळ गेले. मग 1998, पहिलं जागतिक ब्लीचिंग, आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात सगळीकडे फटका.

त्याच वर्षी जपानच्या ओकिनावाजवळ एक गोष्ट नीट दिसली. फांद्यांचे एक्रोपोरा आणि पोसिलोपोरा झपाट्याने गेले, गोल दगडासारखे पोराइट्स टिकले. पोराइट्सची कातडी जाड, शेवाळ खोल आत सावलीत बसलेलं, एक्रोपोराची कातडी अगदी पातळ. 2001 मधे यांना ‘जिंकलेले’ आणि ‘हरलेले’ अशी लेबलं लागली, पण दहाएक वर्षांनी तिथेच पुन्हा पाहिलं तर हरलेल्यांपैकी काही परत आलेले होते.

आता आकड्याकडे येऊ, कारण खरा घोळ इथे आहे. त्या जागेच्या सर्वात गरम महिन्याची सरासरी घ्यायची, पाणी त्याच्या वर किमान 1 अंश गेलं की मोजायला लागायचं, आणि 12 आठवड्यांची बेरीज करायची. 1 अंश जास्त 4 आठवडे राहिलं किंवा 2 अंश जास्त 2 आठवडे, बेरीज 4 च. 4 ला ब्लीचिंगची शक्यता, 8 ला मर सुरू. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजवायची गरजच नाही, पीकविम्याचा ट्रिगर असाच असतो, ठराविक तापमान सलग ठराविक दिवस राहिलं तर अख्खं महसूल मंडळ भरपाईला पात्र. आणि त्याची अडचणही तीच, मंडळ एक, ट्रिगर एक, पण त्याच उन्हात निसवलेल्या (घड बाहेर आलेल्या) मृगबागेचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे, घड सटकतात आणि शेजारची नंतर लावलेली कांदेबाग तशीच उभी राहते. प्रवाळांचा आकडाही जागेनुसार बदलतो, जातीनुसार नाही. इराणच्या आखातातले प्रवाळ उन्हाळ्यात 34 अंश पाणी सोसतात, दुसरीकडचे एवढ्यात मरतील, ते या पद्धतीत धरलं जातं. पण एकाच खडकावर शेजारी शेजारी बसलेले एक्रोपोरा आणि पोराइट्स मात्र एकाच आकड्यात.

2023 मधे फ्लोरिडा-कॅरिबियनचं पाणी इतकं तापलं की जुनी पट्टी पुरेना, म्हणून वर्षाअखेर तीन पायऱ्या वाढवल्या, शेवटची 20 ला, म्हणजे जवळजवळ सगळं मरायची भीती. कुणी म्हणालं घबराट होईल, कुणी म्हणालं गरजच होती. माझ्या मते गरज होती, पण पट्टी फक्त लांब झाली, जातींचा प्रश्न होता तिथेच राहिला. फ्लोरिडात त्या उन्हाळ्यात फांद्यांच्या दोन एक्रोपोरा जाती जवळपास संपल्या, गोल प्रवाळांचं तेवढं नुकसान झालं नाही.

त्यात प्रवाळांचे स्वतःचे उपाय असतात. काही जण उष्णता सोसणारं दुसरं शेवाळ वाढवतात, त्याने 1 ते दीड अंश जास्त सोसता येतं, पण ते शेवाळ अन्न कमी देतं म्हणून वाढ मंदावते. हवाईतला मोंटिपोरा नावाचा एक प्रवाळ तर पांढरा पडल्यावर पाण्यातले बारीक जीव जास्त पकडून खातो आणि त्यावरच निभावून नेतो. त्याच्या शेजारचा पोराइट्स तसं करत नाही, तो साठवलेल्या चरबीवर काढतो.

एप्रिल 2024 मधे चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 असे तीन मोठे फटके बसले होते, तिथल्या तीन बेटांवर 1998 ला 37 टक्क्यांच्या आसपास असलेले जिवंत प्रवाळ 2022 पर्यंत 19-20 वर आले. दर वेळी मर आधीपेक्षा कमी झाली, पण भरून यायचा वेगही कमी होत गेला, आणि मधे साधारण सहा वर्षं शांत मिळाली तरच खरी भरपाई दिसली. ‘मर कमी झाली’ एवढंच छापून येतं तेव्हा हे दुसरं अर्धं सुटलेलं असतं.