स्टार्टर मारत राहिलं की एअर निघते?

छोट्या होडीच्या डिझेल इंजिनाने एअर धरली, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा अडकली, की धक्क्यावर कोणीतरी हमखास सांगतो, "मारत रहा स्टार्टर, आपोआप निघेल." काही इंजिनं स्वतःच एअर बाहेर टाकतात, म्हणून हा समज टिकलाय. बाकीच्यांत बॅटरी बसते, एअर तिथेच.

कारण साधं आहे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडायला साधारण 150 ते 200 बार दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. इंजेक्शन पंपाचा (नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप) सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो.

खरा धोका वेगळाच. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणाऱ्या इंजिनात स्टार्टरबरोबर पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन पेटलेलं नसल्याने ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये! म्हणून जास्त स्टार्टर मारायचा तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. इंजिन लागताक्षणी उघडा, नाहीतर पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरचं (पात्यांच्या चाकाचं) रबर जळतं.

एअर टाकीकडून पुढे काढत जायची. आधी डिझेल फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, हातदांडा मारा. फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलचे नट. (कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणारं इंजिन, असेल तर या नटांना हातही लावू नका.) हातदांडा ढिला लागला तर पंप बिघडलेला असेलच असं नाही, बऱ्याचदा पंप चालवणारा कॅम उंच बाजूवर थांबलेला असतो. क्रँक थोडा फिरवा.

एअर पुन्हापुन्हा धरत असेल तर टाकी ते फीड पंप लाइन तपासा. तिथली गळती थेंब दाखवेलच असं नाही, ती हवा ओढते.