जॉगिंग (पहिल्यांदा सुरू करताना)

जॉगिंग म्हणजे सावकाश पळणं, इतकं सावकाश की पळता पळता शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. चालणं आणि जॉगिंग यातला खरा फरक स्पीडचा नाही. चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो आणि जॉगिंगमध्ये दर पावलाला क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, बास एवढंच, त्यामुळे झपझप चालणारी एखादी काकू हळू जॉगिंग करणाऱ्याला आरामात मागे टाकून जाते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मराठीत याला वेगळा शब्द रुळलाच नाही. लोक 'पळायला जातो', 'रनिंगला जातो', 'ग्राउंडवर जातो' म्हणतात, पुण्यात असले तर 'टेकडीवर जातो', आणि टेकडीवर जाणाऱ्यांतले बरेचजण तर चालतच असतात.

नव्याने सुरू करणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच चूक करतो, फास्ट पळतो. पळणं म्हटलं की आपल्या डोक्यात शाळेतली शंभर मीटरची शर्यत येते, नाहीतर सुटलेली एसटी. त्यात आजूबाजूला दिसतात ती भरतीची पोरं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि मार्क किती वेळात पळालं त्यावर असतात, म्हणून तालुक्याच्या गावाबाहेर कुठल्याही रस्त्यावर पहाटे ही पोरंपोरी जीव खाऊन पळताना दिसतात. त्यांचं बरोबरच आहे, त्यांची परीक्षा आहे. पण दहा वर्षं खुर्चीत बसून काम केलेला चाळिशीतला माणूस त्यांच्या मागे सुटला की चारशे मीटरचा एक राउंड व्हायच्या आत कमरेवर हात ठेवून वाकलेला असतो, तोंड कोरडं, कानात ठोके, आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून घरी. बूट परत कपाटात.

स्पीड बरोबर आहे की नाही हे बघायला घड्याळ लागत नाही, बोलून बघायचं. 'अरे काल तो प्लंबर आलाच नाही' एवढं एका दमात म्हणता आलं तर ठीक, 'अरे... काल... तो' असं तुटायला लागलं की स्पीड कमी करायचा, आणि कमी करूनही तुटत असेल तर सरळ चालायला लागायचं. हार्टचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, असा हिशोब बरेचजण सांगतात, पण तो ढोबळ आहे, माणसामाणसात चांगलाच फरक पडतो.

हे आलं कुठून

सावकाश पळून तब्येत कमवायची ही कल्पना लोकांपर्यंत नेली न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्डने. हा माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात कोचिंग. त्याच्या तालमीतल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं मारली. आपल्या पोरांकडून तो आठवड्याला शंभर मैल पळवून घ्यायचा, पण साध्या माणसाला त्याचं सांगणं होतं 'ट्रेन, डोंट स्ट्रेन', म्हणजे सराव कर, फरफट नको. १९६२ मध्ये ऑकलंडला जॉगर्स क्लब सुरू झाला, त्यात हार्टचा त्रास झालेली वयस्कर माणसंसुद्धा पळायची.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या ओरेगन युनिव्हर्सिटीचा कोच बिल बॉवरमन तिथे गेला. वय ५१, स्वतः नावाजलेला कोच, तो या मंडळींबरोबर एका रविवारी पळायला उतरला आणि थोड्याच अंतरात मागे पडला. त्याच्या सोबतीला मुद्दाम मागे थांबला एक सत्तरी ओलांडलेला, हार्ट अटॅक येऊन गेलेला म्हातारा, जो शेवटपर्यंत आरामात बडबड करत होता, आणि बॉवरमनला उत्तर द्यायला दम उरला नव्हता. परत जाऊन त्याने युजीन शहरात साध्या लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले आणि १९६७ मध्ये एका हार्टच्या डॉक्टरबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं, ते लाखोंनी खपलं. पुढे नाइके झालेली कंपनी काढणाऱ्या दोघांतला एक हाच. म्हणजे आज जे हजारो रुपयांचे बूट आपल्याला विकतात त्यांच्या मुळाशी त्या म्हाताऱ्याची बडबड पण आहे म्हणायची.

पळा-चाला पद्धत

सुरुवातीला सलग पळायचंच नसतं, हे कळलं की अर्धं काम झालं. सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्लॅन म्हणजे 'काउच टू फाइव्ह के' (सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत), जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये केलेला, आपली पन्नाशी ओलांडलेली आई सोफ्यावरून उठावी हे डोक्यात ठेवून. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद जॉगिंग आणि ९० सेकंद चालणं असं आलटून पालटून वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं. असं वाढत वाढत पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं येतात, तो दिवस भल्याभल्यांना घाबरवतो, आणि नवव्या आठवड्यात अर्धा तास. एखादा आठवडा जमला नाही तर तोच परत करायचा, कोणी नापास करत नाही. अर्ध्या तासात पाच किलोमीटर झालेच पाहिजेत असंही नाही, बऱ्याच जणांचे साडेतीन-चारच होतात.

मधले दिवस सुट्टीचे, आणि ती सुट्टी आळशी लोकांसाठी नाहीये. शरीर सुधारतं ते विश्रांतीत, आणि सगळं एकाच स्पीडने सुधारत नाही, इथेच खरी गोम आहे. दोन-तीन आठवड्यांत रक्तातला पातळ भाग वाढतो, हार्ट दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढायला लागतात, त्यामुळे दम लागणं पटकन कमी होतं. पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश पक्के होतात, त्यांना महिने लागतात. आणि पळताना दर पावलाला पायावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. मग होतं असं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला वाटतं आता जमलं, दमही लागत नाही, रोज जाऊ, डबल पळू, आणि दहा दिवसांत नडगी दुखायला लागते.

नडगीच्या आतल्या कडेला खालच्या भागात बोट फिरवलं की वीतभर पट्टा दुखतो, याला शिन स्प्लिंट्स म्हणतात आणि नवशिक्यांचं हे अगदी हमखास दुखणं. उपाय कंटाळवाणा आहे, पळणं कमी करणं किंवा काही दिवस बंद. दुखणं पसरलेलं नसून एकाच बोटाएवढ्या जागी टोचत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, तिथे बाम चोळत बसू नये, डॉक्टरला दाखवावं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ते वेगळं दुखणं, तळपायाच्या पट्ट्याचं, त्याला पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम बऱ्यापैकी चालतो. बरगडीखाली कळ येते ती मात्र घाबरण्यासारखी नसते, भरल्या पोटी पळालं की येते, चालायला लागलं की जाते.

बूट, वजन आणि डॉक्टर

बूट संध्याकाळी घ्यावेत कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. जो घातल्या घातल्या आरामशीर वाटतो तो घ्या, दुकानदार सांगेल तो नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलतात, म्हणजे नवशिक्याला वर्षभर तरी चिंता नाही. बायकांना बुटाइतकीच महत्त्वाची स्पोर्ट्स ब्रा, हे कोणी मोठ्याने सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

वजन कमी करायला म्हणून सुरू करणाऱ्यांनी हिशोब आधीच करून ठेवावा. किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी जळते, म्हणजे ७० किलोच्या माणसाने पाच किलोमीटर केले की ३५०, आणि ग्राउंडच्या गेटवरचा एक वडापाव जवळपास तेवढाच. दम, झोप, ब्लडप्रेशर यात फरक आधी दिसतो, काट्यावर उशिरा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, जॉगिंग सहसा जोराच्या व्यायामात धरतात, म्हणून तीन दिवस अर्धा अर्धा तास त्यात आरामात बसतं.

आणि जॉगिंग केलं म्हणजे हार्टला काही होत नाही हा गैरसमज. जिम फिक्स नावाचा लेखक, ज्याने सत्तरच्या दशकात अमेरिकेला पळायला लावलं, तो १९८४ मध्ये पळताना हार्ट अटॅकने गेला, वय ५२. त्याच्या रक्तवाहिन्या आधीच वाईट तुंबलेल्या होत्या आणि वडील ४३ व्या वर्षी हार्टनेच गेले होते. तेव्हा चाळिशीपुढचे, शुगर-बीपीवाले, सिगरेटवाले किंवा घरात हार्टचा इतिहास असलेले, यांनी आधी डॉक्टरला विचारावं, आणि पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर असं काही झालं तर तिथेच थांबून मदत मागावी. ॲसिडिटी असेल म्हणून राउंड पुरा करू नये.

जागा आणि हवा

मातीचा रस्ता मिळाला तर उत्तम. मुंबईत शिवाजी पार्कचा किलोमीटरच्या वरचा फेरा आहे, मरीन ड्राइव्ह आहे, वांद्र्याला समुद्राकाठी १९९० पासून जॉगर्स पार्क आहे, पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडी, कोल्हापुरात रंकाळा, पणजीकडे मिरामारची वाळू, पण कोरडी वाळू पोटऱ्या भरून आणते, ओल्या कडेने पळावं. टेकडीवर चढ असेल तर चालायचंच, गुडघ्याला त्रास उतारावर जास्त होतो. हे काहीच जवळ नसेल तर सोसायटीचा पार्किंगचा फेरा पण चालतो, फक्त वॉचमन रोज विचारतो 'किती राउंड झाले'.

मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये सहाच्या आत जावं, उन्हात स्पीड आपोआप कमी होतो आणि तो होऊ द्यावा. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागावं, पळणाऱ्याच्या मागे ती हटकून लागतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशा आणि पडलेली पानं सांभाळावी, आणि घरी आल्यावर बुटांतले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत, तासाभराने एकदा बदलावेत, एक दिवसाआड पळायचं असतं त्यामुळे परवापर्यंत बूट बऱ्यापैकी सुकतात.