नाइटहॉक्स हॅलिफॅक्सला गेले, नाव मात्र रॉचेस्टरलाच राहिले

बॉक्स लॅक्रॉस म्हणजे बर्फ काढलेल्या आइस हॉकीच्या रिंगणात, जाळीच्या काठीने खेळला जाणारा खेळ. त्याच्या व्यावसायिक लीगमधला रॉचेस्टर नाइटहॉक्स हा संघ 1995 पासून अखंड अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातच खेळतो आहे, असा समज पक्का रुजला आहे. तो चुकीचा आहे.

2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवणाऱ्या संघाचे मालक होते कर्ट स्टायर्स, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या सिक्स नेशन्स या मूलनिवासी वसाहतीतले, मोहॉक समाजाचे. 2019 च्या हंगामानंतर त्यांनी संघ कॅनडातल्या हॅलिफॅक्सला नेला. तिथे त्याचे नाव झाले थंडरबर्ड्स. तिन्ही विजयांत खेळलेला कोडी जेमिसनही तिकडेच गेला. हा खेळ मुळात हौडेनोसौनी लोकांचा, म्हणजे मोहॉक ज्यात येतात त्या सहा मूलनिवासी राष्ट्रांच्या संघाचा; जेमिसनही सिक्स नेशन्सचाच. म्हणून ही वाटचाल नीट सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

रॉचेस्टरला राहिले ते नाव. पेगुला कुटुंबाच्या कंपनीने त्या नावाने नवा संघ उभारला. त्यासाठी विस्तार-ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या संघाला इतर संघांतले खेळाडू निवडू देणाऱ्या पद्धतीतून, खेळाडू घेतले. मैदान तेच, ब्लू क्रॉस अरीना. प्रशिक्षकही तेच, माइक हेसन. गोंधळ झाला तो यामुळेच.