पार्श्वभूमी : जो आजारीच पडला नाही, तो देणगी कशी देणार?

रुग्णालयात जीव वाचलेला माणूस ते विसरत नाही. बरा होऊन घरी गेल्यावर ऐपत असेल तर एखाद्या वॉर्डाला वडिलांचे नाव देता येईल का, अशी चौकशी करतो. पाण्यात वेळेवर क्लोरीन पडल्यामुळे ज्याला कॉलरा झालाच नाही, त्याला मात्र आपण वाचलो याचा पत्ताही नसतो. विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असा कृतज्ञ रुग्ण येत नाही. उरतात माजी विद्यार्थी, आणि त्यांच्याकडे हात पसरायची सवय या विभागांना उशिरा लागली. त्याला कारण आहे.

माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला हातभार लावायची पद्धत तशी जुनी. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात 1821 मध्ये माजी विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. येल विद्यापीठाने 1890 मध्ये माजी विद्यार्थी निधी सुरू केला आणि दरवर्षी थोडे थोडे मागायची रीत पडली. मोठा दाता आयुष्यात एकदा देतो, छोटा दरवर्षी देतो. शिवाय छोट्यांतूनच पुढे मोठा निघतो. पत्र कुलगुरूंच्या सहीने न जाता त्याच तुकडीतल्या कोणाच्या तरी नावाने गेले तर उत्तर जास्त येते, हेही ठिकठिकाणी अनुभवाने कळत गेले. तुकडीप्रतिनिधीची पद्धत आजही टिकून आहे ती त्यामुळेच.

सार्वजनिक आरोग्याच्या शाळा या वाटेने आल्याच नाहीत. 1898 मध्ये लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यकशाळा उभी राहिली ती आल्फ्रेड जोन्स या जहाजमालकाच्या पैशावर; त्याचा व्यापार पश्चिम आफ्रिकेशी होता. अमेरिकेत 1915 मध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण कसे असावे यावर विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ यांचा अहवाल आला आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आरोग्यशाळेची स्थापना झाली. लंडनच्या आरोग्यशाळेला 1924 मध्ये सनद मिळाली, इमारतीसाठी पैसा पुन्हा रॉकफेलरचाच. कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था 1932 ची, तिच्यामागेही तेच फाउंडेशन. अनेक डॉक्टर याच फाउंडेशनच्या पाठ्यवृत्तीवर परदेशी शिकायला जायचे आणि परत येऊन सरकारी नोकरीत रुजू व्हायचे. फी दुसऱ्याने भरलेली, पगार बेताचा. अशा पदवीधराकडे कोणी देणगीदार म्हणून पाहिले नाही, यात नवल नाही. पुढे सरकारी पैसा आला. अमेरिकेत 1958 च्या हिल-रोड्स कायद्याने या शाळांना थेट अनुदान मिळू लागले. पण सरकारी अनुदान साथीच्या मागे धावते. साथ आली की वाढते आणि ओसरली की आटते. नेमलेले संशोधन सहायक तेव्हाच घरी जातात.

चित्र पालटल्याच्या दोन ठळक खुणा सांगता येतील. हॉपकिन्सच्या शाळेला 2001 मध्ये उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांचे नाव मिळाले. ते हॉपकिन्स विद्यापीठाचे 1964 चे अभियांत्रिकीचे पदवीधर. पदवीच्या पुढच्या वर्षी त्यांनी दिलेली पहिली देणगी होती 5 डॉलर. हार्वर्डच्या शाळेला 2014 मध्ये चॅन कुटुंबाच्या फाउंडेशनकडून 35 कोटी डॉलर जाहीर झाले, आणि त्या कुटुंबातले जेराल्ड चॅन याच शाळेत शिकलेले. पहिल्या उदाहरणाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. आरोग्यशाळेला नाव देणारा पदवीधर त्या शाळेचा नव्हताच. विभागाने फक्त आपल्या यादीवर विसंबू नये, अभियंते आणि वाणिज्यवालेही मोजावेत.

आपली यादी तशीही तोकडी असते. पदव्युत्तर अभ्यासक्रम एक-दोन वर्षांचा. विद्यार्थ्याची ओढ पहिल्या पदवीच्या कॉलेजकडे जास्त. नंतर बदल्या, परदेश, आणि नोंदीत राहतो वसतिगृहाचा पत्ता व विद्यापीठाने बंद केलेला ईमेल. म्हणून पदवीदानाच्या आधीच खासगी ईमेल आणि फोन घ्यावा. दर वर्षी तपासावा. पहिली मागणी लहान ठेवावी. पोच दोन दिवसांत जावी आणि पैसा कशावर खर्च झाला हे कळवल्याशिवाय दुसरी मागणी करू नये.

कायमची शिष्यवृत्ती ठेवायला रक्कम किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. मूळ निधीला हात न लावता वर्षाला 4 टक्के काढायचे, तर वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या 25 पट निधी हवा. 5 टक्के काढले तर 20 पट, पण महागाईत मुद्दल झिजायचा धोका वाढतो. इतके जमत नसेल तर क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च, सर्वेक्षकांचे मानधन, नमुना तपासणीचे साहित्य असे चालू खर्च निवडावेत. छोटी रक्कम तिथे लगेच दिसते.

सर्वाधिक घोळ अटींमुळे होतो. ‘अमुक आजारावर, अमुक भागातल्याच विद्यार्थ्याला’ अशी शिष्यवृत्ती ठेवली की पात्र उमेदवार मिळत नाही आणि पैसा वर्षानुवर्षे पडून राहतो. साथीच्या काळात त्याच रोगासाठी आलेल्या देणग्यांचेही तसेच. करारपत्रात एक वाक्य हवे: सलग दोन वर्षे उमेदवार न मिळाल्यास रक्कम विभागातल्या जवळच्या हेतूसाठी वापरावी. आणि देणगी अर्जातला ‘उद्देश’ हा रकाना रिकामा सोडू नये. तो रिकामा राहिला की पैसा सहसा विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत जमा होतो, आणि तिथून तो विभागाकडे वळवायला पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो.