पार्श्वभूमी : विमान उतरलं, आता पुढे?

बर्लिनच्या नव्या विमानतळाखालचं रेल्वे स्थानक विमानतळाच्या कितीतरी आधी तयार होतं. फलाट होते, रूळ होते. नव्हते ते फक्त प्रवासी. अग्निसुरक्षेच्या यंत्रणेतल्या दोषांमुळे २०१२ मधलं उद्घाटन ऐन वेळी रद्द झालं आणि मग तारखांवर तारखा पडत गेल्या. बंद बोगद्यात ओल धरू नये, हवा खेळती राहावी, म्हणून रेल्वे तिथे रिकाम्या गाड्या पळवायची. चढायला कोणी नाही, उतरायला कोणी नाही, तरी गाडी यायची आणि जायची. विमानतळ एकदाचा सुरू झाला तो ३१ ऑक्टोबर २०२० रोजी.

गाडी विमानाची वाट पाहत उभी आहे, असं मात्र क्वचितच घडतं. बहुतेक मोठ्या शहरांत आधी विमानं उतरू लागली आणि गाडी यायला वीस, तीस, एका ठिकाणी तर साठ वर्षं लागली. गंमत अशी, की सुरुवातीला असं नव्हतं.

बर्लिनचाच जुना टेम्पलहोफ विमानतळ १९२३ मध्ये सुरू झाला आणि चारच वर्षांत, १९२७ मध्ये, भुयारी रेल्वे त्याच्याजवळ पोहोचली. स्थानकाचं तेव्हाचं नावच मुळी ‘फ्लुगहाफेन’, म्हणजे विमानतळ. लंडनजवळच्या गॅटविकला १९३६ मध्ये जी इमारत उभी राहिली ती गोल घुमटाकार होती, म्हणून तिला ‘बीहाइव्ह’, मधमाश्यांचं पोळं, असं नाव पडलं. त्या पोळ्यापासून रेल्वे स्थानकापर्यंत जमिनीखालून पायवाट होती. प्रवासी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात गाडीत बसायचा, गॅटविकला उतरून भुयारातून इमारतीत यायचा आणि तिथून आच्छादलेल्या मार्गिकेतून थेट विमानाशी. पावसाचा एक थेंब अंगावर नाही. पॅरिसच्या विमान तिकिटातच व्हिक्टोरियापासूनचं पहिल्या वर्गाचं रेल्वेभाडं धरलेलं असायचं.

त्या काळात प्रवाशाला शहरातून उचलून शहरात सोडणं ही हवाई कंपन्या आपलीच जबाबदारी मानत. म्हणून विमानतळ गावाबाहेर, पण त्याची कचेरी गावात, अशी पद्धत पडली. इम्पीरियल एअरवेजने १९३९ मध्ये व्हिक्टोरिया स्थानकाला लागून आपलं टर्मिनल बांधलं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे प्रवासी तिथून खास गाडीने साउथॅम्प्टनला जात. न्यूयॉर्कमध्ये १९४१ साली ४२व्या रस्त्यावर, ग्रँड सेंट्रल स्थानकासमोरच, असंच ‘एअरलाइन्स टर्मिनल’ उघडलं. तिकीट तिथे, सामान वजनाला लावायचं तिथे, बस तिथून. बसमध्ये बसलात की विमानात बसल्यासारखंच. पुढे लंडनच्या क्रॉमवेल रस्त्यावरचं टर्मिनल ही या पद्धतीची अखेरची मोठी आवृत्ती.

ही सोय टिकली नाही, कारण ती लहान विमानांच्या मापाने बेतलेली होती. डीसी-३ मध्ये वीस-एकवीस माणसं बसत. एक बस आली, विमान भरलं. १९७० च्या जानेवारीत बोइंग ७४७ न्यूयॉर्क-लंडन मार्गावर उडू लागलं आणि एका विमानातून साडेतीनशे माणसं उतरायला लागली. त्यांच्यासाठी सात-आठ बस लावायच्या, त्या वाहतुकीत अडकल्या तर विमान थांबवून ठेवायचं का, हा प्रश्न कंपन्यांना परवडणारा नव्हता. क्रॉमवेल रस्त्यावरचं चेक-इन १९७४ मध्ये बंद झालं. ‘विमानतळावर कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा’ हे तेव्हापासून गृहीतच धरलं गेलं.

तोवर विमानतळही लांब गेले होते. जेट विमानांना लांब धावपट्टी हवी, आवाजामुळे वस्ती नको. मग शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर मोकळी जमीन शोधायची आणि तिथवर महामार्ग न्यायचा. प्रत्येक प्रवासी मोटारीने येणार, हे नियोजकांनी धरूनच चालायचं. शिवाय मोटारी उभ्या करण्याच्या जागेचं भाडं हे विमानतळांचं चांगलं दुभतं जनावर होतं. ते आपणहून कोण सोडेल? वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाला. आखणाऱ्यांनी एक शहाणपण केलं होतं: विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध भविष्यातल्या रेल्वेसाठी पट्टा मोकळा ठेवला होता. त्या पट्ट्यातून मेट्रो विमानतळावर पोहोचली १५ नोव्हेंबर २०२२ रोजी. साठ वर्षं म्हटलं ती हीच.

युरोप आणि जपानमध्ये रेल्वे अजून दमात होती, म्हणून तिथे ती आधी आली. ब्रसेल्सला १९५५ मध्ये, नव्या गॅटविकला १९५८ मध्ये. टोकियोत हानेदा विमानतळाची मोनोरेल १७ सप्टेंबर १९६४ ला सुरू झाली. ऑलिम्पिक १० ऑक्टोबरला होतं, म्हणजे तीन आठवडे आधी. पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण सारवायचं, ही सवय पुढेही बऱ्याच शहरांनी पाळली. अमेरिकेत १९६८ मध्ये क्लीव्हलंडने आपली मेट्रो विमानतळापर्यंत नेली. न्यूयॉर्क किंवा शिकागो नव्हे, क्लीव्हलंड. फ्रँकफर्टला टर्मिनलच्या पोटातच १९७२ मध्ये स्थानक झालं, झुरिकला १९८० मध्ये.

हीथ्रोची गोष्ट खास लंडनच्या वळणाची. १९४६ पासून चालू असलेल्या या विमानतळावर भुयारी रेल्वे आली डिसेंबर १९७७ मध्ये, आणि तीही वेगळी नाही, तर शहराची रोजचीच पिकाडिली लाइन लांबवून. या मार्गासाठी आणलेल्या नव्या गाड्यांत दारांजवळ सामानासाठी थोडी जास्त जागा सोडली होती. मध्य लंडनला जायला पाऊण तासाहून जास्त लागतो, गाडी वाटेत प्रत्येक उपनगराला रामराम करत जाते, पण शहरात तुम्हाला हव्या त्या भागाजवळ उतरवते. हा शेवटचा गुण किती मोलाचा आहे, ते पुढे इतरांना पैसे घालवून कळलं.

रूळ घातले म्हणजे काम झालं, असंही नाही. ते कुठे संपतात? ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाला १९७८ मध्ये रेल्वे मिळाली, पण ती शहराच्या दक्षिण टोकाला जायची; मुख्य स्थानकाशी जोडणी १९८६ ला झाली. पॅरिसच्या चार्ल्स द गॉलला १९७६ मध्ये गाडी आली, ती टर्मिनलपासून दूर. स्थानकातून पुन्हा बस. थकलेल्या माणसाला, हातात दोन बॅगा असताना, हे शेवटचे पाचशे मीटर आधीच्या पाच हजार किलोमीटरपेक्षा जड जातात.

या बाबतीत टोकियोच्या नारिताला तोड नाही. शहरापासून साठेक किलोमीटरवरचा हा विमानतळ शेतकऱ्यांच्या प्रखर आंदोलनातून, मे १९७८ मध्ये सुरू झाला. तिथवर शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, न्यायची ठरली होती. टर्मिनलखाली तिच्यासाठी स्थानकाचा सांगाडाही बांधून ठेवला. पण मार्गावरच्या लोकांनी जमिनी द्यायला नकार दिला आणि काम रखडलं, मग सुटलंच. दरम्यान केइसेइ या खासगी रेल्वेने स्वतःची लाइन आणली, तर तिला टर्मिनलखालची जागा मिळेना, कारण ती शिंकान्सेनसाठी राखीव! तेरा वर्षं प्रवासी दूरच्या स्थानकावर उतरून बसने टर्मिनल गाठत राहिले आणि त्यांच्या पायांखाली एक अख्खं स्थानक अंधारात पडून राहिलं. १९९१ मध्ये ते साध्या गाड्यांसाठी उघडलं. आणि २०१० मध्ये केइसेइची नवी स्कायलायनर ताशी १६० किलोमीटरने धावू लागली, तेव्हा विमानतळाजवळचा तिचा काही मार्ग त्या सोडून दिलेल्या शिंकान्सेनच्याच जागेवरून गेला.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. विमानतळ खासगी हातांत जाऊ लागले होते, सरकारांना रेल्वेवर स्वतःचा पैसा घालायचा नव्हता, आणि एक कल्पना फारच गोड वाटू लागली: विमानाचं तिकीट परवडणाऱ्याला गाडीचं महाग तिकीटही परवडेल. वाटेत न थांबणारी, गुळगुळीत आसनांची, वेगळ्या रंगाची गाडी. हीथ्रो एक्सप्रेस १९९८, लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापर्यंत पंधरा मिनिटं. त्याच वर्षी ओस्लोत ताशी २१० किलोमीटरची फ्लायटोगेट. तिचा लांब बोगदा गळू लागल्याने वरच्या जंगलातल्या तळ्यांचं पाणी खाली गेलं, म्हणून पहिले काही महिने ती जुन्याच मार्गाने धावली. १९९९ ला स्टॉकहोम, २००२ ला क्वालालंपूर.

यातला हाँगकाँगचा नमुना मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. विमानतळ आणि एअरपोर्ट एक्सप्रेस ६ जुलै १९९८ ला एकाच दिवशी सुरू झाले. शहरातल्या स्थानकातच चेक-इन करून बॅग सोपवायची सोय होती, म्हणजे १९४१ चं न्यूयॉर्क पुन्हा अवतरलं. आणि त्याच मार्गिकेत तुंग चुंगची साधी, थांबत जाणारी लाइनही घातली, कारण विमानतळावर रोज जाणाऱ्यांत फक्त प्रवासी नसतात. सफाई कामगार, सामान उचलणारे, दुकानांतले विक्रेते, सुरक्षारक्षक: मोठ्या विमानतळावर हजारो माणसं पाळ्यांमध्ये काम करतात. पहाटे चारच्या पाळीला निघालेल्याला गुळगुळीत आसन नको असतं, वेळेवर येणारी आणि परवडणारी गाडी हवी असते. महागड्या एक्सप्रेसच्या हिशेबात हा माणूस धरलेलाच नव्हता.

हिशेब फसण्याची पहिली सूचना पॅरिसने १९९१ लाच दिली होती. तिथल्या ऑर्ली विमानतळाला जोडणारी ऑर्लीव्हाल ही खासगी, चालकविरहित गाडी सुरू झाली, अपेक्षेच्या तुलनेत प्रवासी फारच थोडे आले आणि दोन वर्षांत ती सार्वजनिक कंपनीच्या पदरात पडली. तरी सिडनीने ऑलिम्पिकच्या तोंडावर, मे २००० मध्ये, खासगी पैशातून विमानतळाची स्थानकं उघडली. वर्ष संपायच्या आत कंपनी दिवाळखोरीत. दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस फेब्रुवारी २०११ मध्ये आली, जुलै २०१२ मध्ये पुलाखालच्या बेअरिंगमध्ये दोष सापडून बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि १ जुलै २०१३ पासून खासगी कंपनीकडून दिल्ली मेट्रोकडे आली. भाडं उतरलं, गर्दी वाढली. टोरंटोने २०१५ मध्ये २७.५० डॉलर तिकीट लावून गाडी सुरू केली. डबे रिकामे धावताना पाहून नऊ महिन्यांत तिकीट १२ डॉलरवर आणलं.

वेगाचं वेड हा वेगळाच अध्याय. शांघायची चुंबकीय गाडी ताशी ४३१ किलोमीटरने तीस किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत कापायची. आणि थांबायची कुठे? शहराच्या अलीकडे, लाँगयांग रोडला. पुढे मेट्रो बदला. म्युनिकनेही अशीच गाडी आणायची ठरवलं होतं. दहा मिनिटांत विमानतळ कसा येईल हे समजावताना बव्हेरियाचे तेव्हाचे मुख्यमंत्री एडमुंड श्टॉयबर २००२ मधल्या एका भाषणात असे काही अडखळले, की जर्मनीत ते भाषण विनोद म्हणून अजून ऐकलं जातं. खर्च भरमसाठ फुगल्यावर २००८ मध्ये योजना गुंडाळली. म्युनिकला आजही साधी लोकलच जाते, चाळीसेक मिनिटांत.

आता कल पुन्हा पिकाडिली लाइनकडे, म्हणजे शहराच्या रोजच्या गाडीकडे झुकला आहे. २०२२ मध्ये लंडनमध्ये एलिझाबेथ लाइनचा मधला भाग उघडला. तिची गाडी हीथ्रो एक्सप्रेसच्याच रुळांवरून निघते, पॅडिंग्टनला जास्त वेळ लावते, पण तिथे न संपता शहराच्या आरपार जाते. एक्सप्रेसने वाचवलेली मिनिटं पॅडिंग्टनच्या जिन्यांवर बॅगा ओढताना निघून जातात, हे प्रवाशांनी स्वतःच हिशेब करून ठरवलं. पॅरिसने जून २०२४ मध्ये, पुन्हा ऑलिम्पिकच्या तोंडावरच, चौदा नंबरची साधी मेट्रो ऑर्लीपर्यंत नेली. ऑर्लीव्हालने जे करायला हवं होतं ते तेहतीस वर्षांनी झालं.

न्यूयॉर्क मात्र अजून अडकलेलं आहे. तिथल्या जेएफके विमानतळासाठी १९७८ ते १९९० या काळात ‘विमानाची गाडी’ म्हणून जी मिरवली, ती प्रत्यक्षात प्रवाशाला वाटेत उतरवून बसमध्ये बसवायची. टर्मिनलपर्यंतचे रूळ २००३ मध्ये आले, तेही शहराच्या मेट्रोपासून वेगळे, कारण प्रवाशांकडून वसूल केलेलं विमानतळ शुल्क विमानतळापुरतंच वापरायचं असा केंद्राचा नियम होता. शहराच्या दुसऱ्या विमानतळाला, लागार्डियाला, तेही नाही. मेट्रोची लाइन लांबवण्याचा बेत रहिवाशांच्या विरोधात बारगळला, २०१५ मध्ये जाहीर झालेली वेगळी छोटी रेल्वे २०२३ मध्ये रद्द झाली, आणि तज्ज्ञांच्या समितीने सल्ला दिला की बसच सुधाराव्यात. १९४१ मध्ये ४२व्या रस्त्यावरून लागार्डियाला प्रवासी बसनेच जात. फरक इतकाच, की तेव्हा बॅग बसमध्ये चढायच्या आधीच कोणीतरी हातातून घ्यायचं.