डिजिटल मायक्रोफोन मॉड्यूल

डिजिटल मायक्रोफोन मॉड्यूल : हवेतील ध्वनिदाबाचे आकड्यांत रूपांतर करून ते आकडे थेट मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपमधील छोट्या संगणकाच्या) पिनवर पोहोचवणारा, नखाएवढ्या सर्किट बोर्डावर बसवलेला सूक्ष्म ध्वनिग्राहक. हौशी प्रकल्पांत आयएनएमपी ४४१, आयसीएस ४३४३४, एसपीएच ०६४५ आणि एमपी ३४डीटी०५ या चिपांचे बोर्ड विशेष आढळतात. ‘डिजिटल’ हे विशेषण येथे काटेकोरपणे घ्यावे लागते. केवाय ०३७ सारख्या ध्वनी-संवेदकावरही ‘डिजिटल आउटपुट’ची पिन असते, पण तिच्यामागे केवळ तुलनक असतो आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की नाही एवढेच ती सांगते. टाळी ओळखायला ती पुरते, बोलणे टिपायला नाही. असे संवेदक या नोंदीत धरलेले नाहीत.

चिपच्या टोपणाखाली सिलिकॉनचे दोन तुकडे असतात. पहिल्यावर पातळ कंपनपटल व त्याला समांतर अशी सच्छिद्र, स्थिर पट्टिका असते. दोन्ही मिळून धारित्र होते आणि पटल हलले की धारिता बदलते. दुसरा तुकडा या धारित्राला विभव पुरवतो, बदल वाढवतो आणि त्याचे अंकीकरण करतो. गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत घडवलेला इलेक्ट्रेट ध्वनिग्राहकही धारित्राच्याच तत्त्वावर चालतो. सिलिकॉनवर पटल कोरण्याचे प्रयोग १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धातले असून असे ध्वनिग्राहक मोठ्या प्रमाणावर बाजारात आले ते एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुख्यतः मोबाइल फोनसाठी. हौशी वापर हा त्या उत्पादनाचा उपफायदा म्हणावा लागेल.

अंकीकरणाच्या पद्धतीचे जनकत्व आणि नाव या दोन्हींबाबत मतभेद आहेत. काही लेखक ते बेल प्रयोगशाळेतील सी. सी. कटलर यांना देतात. त्यांच्या १९५४ मध्ये दाखल झालेल्या व १९६० मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात एका नमुन्यातील (ठरावीक काळाने घेतलेल्या मोजमापातील) पूर्णांकनाची चूक पुढच्या नमुन्यातून वजा करण्याची कल्पना आहे. इतर लेखक टोकियो विद्यापीठातील हिरोशी इनोसे, यासुहिको यासुदा व सहकाऱ्यांच्या १९६२ च्या लेखाकडे बोट दाखवतात. त्यांनी डेल्टा-मॉड्युलेशनच्या (आधीच्या मूल्याशी असलेला फरक एका बिटाने पाठवण्याच्या पद्धतीच्या) आधी समाकलक, म्हणजे बेरीज साठवत जाणारे सर्किट, ठेवला आणि या रचनेला ‘डेल्टा-सिग्मा’ म्हटले. १९७० नंतर अमेरिकी दूरध्वनी क्षेत्रातील अभियंत्यांनी शब्दांचा क्रम उलटवून ‘सिग्मा-डेल्टा’ रूढ केले. आज दोन्ही नावे एकाच अर्थाने चालतात. कटलर यांच्या रचनेत चुकीची पुनर्भरणी आहे, पण एक-बिटी अंकीकरण आणि समाकलक यांची जोडी नाही. आजच्या सूक्ष्म ध्वनिग्राहकातील रचना जपानी लेखातील मांडणीला अधिक जवळची आहे, त्यामुळे ‘डेल्टा-सिग्मा’ हा क्रम येथे पसंत केला आहे.

या रचनेतून एका बिटाचा अतिजलद प्रवाह निघतो. दाब जास्त तेथे १ दाट, कमी तेथे विरळ. हाच प्रवाह जसाच्या तसा बाहेर देणाऱ्या चिपांना पीडीएम म्हणजे स्पंद-घनता प्रकारच्या म्हणतात. एमपी ३४डीटी०५ ही त्यांपैकी एक. क्लॉक (चिपला ताल देणारे स्पंद) ३.०७२ मेगाहर्ट्‌झ असेल तर ६४ बिटांमागे एक याप्रमाणे गाळून सेकंदाला ४८,००० नमुने मिळतात. हे गाळण्याचे काम मायक्रोकंट्रोलरला करावे लागते. आय-टू-एस प्रकारात मात्र गाळणी चिपमध्येच असते. फिलिप्सने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही जोडणी मुळात एकाच बोर्डावरील चिपांमधील संवादासाठी होती. म्हणूनच लांब जंपर वायरींवर तिचा क्लॉक बिघडतो व आवाजात कडकड येते. वायरी वीतभरापेक्षा लांब नसाव्यात.

आय-टू-एस प्रकारच्या आयएनएमपी ४४१ चा एक फेरा, म्हणजे एक नमुना पाठवण्याचे आवर्तन, जवळून पाहण्यासारखा आहे. एका फेऱ्यात क्लॉकचे ६४ स्पंद, म्हणजे डाव्या-उजव्या भागाला ३२-३२. डावा भाग निवडलेला असेल तर शब्द-निवड रेषा खाली येताच चिप एक स्पंद थांबते, मग सर्वांत मोठ्या बिटापासून २४ बिट पाठवते आणि उरलेल्या ७ स्पंदांत माहितीची रेषा सोडून देते. उजव्या अर्ध्या फेऱ्यातही ती गप्पच असते. अशी सोडलेली रेषा लटकत राहू नये म्हणून ती १०० किलोओहमच्या रोधकाने जमिनीशी (ग्राउंडशी) जोडतात. दुसरा मायक्रोफोन लावून त्याची एल/आर (डावा-उजवा भाग ठरवणारी) पिन पुरवठ्याला जोडली की रिकामा भाग भरतो आणि क्लॉक, शब्द-निवड व माहिती या त्याच तीन वायरींवर स्टिरिओ मिळतो. मायक्रोकंट्रोलरला मिळणाऱ्या ३२ बिटी शब्दात खालचे ८ बिट निरर्थक असल्याने ते सरकवून काढून टाकतात.

‘२४ बिट’ या आकड्याला जाहिरातीत जितके महत्त्व मिळते तितके त्याला नाही. या चिपचे संकेत-गोंगाट गुणोत्तर ६१ डेसिबल आहे आणि ९४ डेसिबल ध्वनिदाबाला, म्हणजे १ पास्कलला, ती कमाल पातळीच्या २६ डेसिबल खाली आकडा देते. यावरून तिचा स्वतःचा गोंगाट कमालीच्या ८७ डेसिबल खाली येतो. २४ बिटांची सैद्धांतिक मर्यादा सुमारे १४६ डेसिबल असते. म्हणजे तळचे नऊ-दहा बिट गोंगाटच वाहतात. १६ बिट साठवले तरी नुकसान नगण्य. याच हिशेबाची दुसरी बाजू नवख्यांना गोंधळात टाकते. ६० डेसिबलचे साधे संभाषण कमाल पातळीच्या हजाराव्या भागाएवढे असते, म्हणजे १६ बिटांत ३२,७६७ पैकी जेमतेम ३३. आलेखावर रेषा सपाट दिसते आणि मॉड्यूल मृत समजून फेकले जाते. दोष मॉड्यूलचा नसतो. बिट कमी सरकवून किंवा गुणून आवाज वाढवायचा असतो, मात्र मोठा आवाज माथ्याला आपटून कापला जाणार नाही हे पाहून.

चालू होताच पहिले २,६२,१४४ क्लॉक-स्पंद चिप शून्येच देते. सेकंदाला १६,००० नमुने घेताना हा काळ सुमारे पाव सेकंदाचा होतो. तेवढे नमुने टाकून द्यावेत. पुरवठा १.८ ते ३.३ व्होल्ट असावा, ५ व्होल्ट देऊ नयेत. आवाज आत जाण्याचे छिद्र या चिपला खालून असते, त्यामुळे बोर्डालाही भोक पाडलेले असते आणि ऐकणारी बाजू चिपच्या उलट असते. पेटीत बसवताना हीच बाजू भिंतीला चिकटवली गेल्याची उदाहरणे पुष्कळ. छिद्रात फ्लक्स (डाख देताना वापरायचे रसायन) किंवा सफाईचे द्रावण जाऊ देऊ नये, दाबाची हवाही मारू नये. पटल फाटते आणि ते दुरुस्त होत नाही.

मायक्रोकंट्रोलर निवडताना स्मृतीचा विचार आधी करावा. १६ बिटी, १६,००० नमुन्यांचा प्रवाह सेकंदाला ३२,००० बाइट होतो. अर्डुइनो उनोतील एटीमेगा ३२८ ची २ किलोबाइट स्मृती सेकंदाच्या सोळाव्या भागात भरेल, शिवाय त्या चिपमध्ये आय-टू-एसची सोयही नाही. ईएसपी ३२ मध्ये ती आहे. आरपी २०४० मध्ये प्रोग्राम करता येणाऱ्या पिन-यंत्रणेतून ती उभारता येते.

ध्वनिमुद्रण, आवाजावर नाचणारे दिवे, ठरावीक शब्द ओळखणे, पक्ष्यांचे आवाज टिपणे हे नेहमीचे उपयोग आहेत. ध्वनिपातळी मापकासाठी ए-भारण (मानवी कानाच्या संवेदनेनुसार आवाज तोलणारी) गाळणी व प्रमाणित मापकाशी तुलना आवश्यक असते. आवाजाची दिशा शोधण्यासाठी दोन मॉड्यूल ५ सेंमी. अंतरावर ठेवले, तर बाजूने येणारा आवाज दुसऱ्याकडे सुमारे १४६ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. ४८,००० नमुन्यांच्या गतीला हा फरक ७ नमुन्यांचा असतो. दोन्ही मॉड्यूल एकाच क्लॉकवर चालत असल्याने हा फरक विश्वासाने मोजता येतो. दोन वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर ते लावले तर तसे होत नाही, कारण दोन स्फटिकांचे क्लॉक हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात.