ब्लॉगवर घर चालते का? या प्रश्नामागची वीस वर्षे

फेब्रुवारी 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या जेसन कॉटकी या वेब डिझायनरने नोकरी सोडली आणि यापुढे ब्लॉग हाच आपला पूर्णवेळ व्यवसाय, असे जाहीर केले. जाहिराती घेणार नाही, वाचकांनीच पैसे द्यावेत, असा बेत होता. तीन आठवडे त्याने झोळी फिरवली आणि सुमारे 1,450 जणांनी मिळून 39,900 डॉलर दिले. न्यूयॉर्कच्या मानाने रक्कम बेताचीच, पण वर्ष निघाले. वर्ष संपल्यावर मात्र हा प्रयोग पुढे चालवणार नसल्याचे त्यानेच सांगितले. त्याच लोकांपुढे दर वर्षी हात पसरायचा तर वाचक झपाट्याने वाढायला हवेत, नाहीतर लिहिणाऱ्याने स्वतःभोवती भक्तमंडळ जमवायला हवे. दोन्ही झाले नव्हते.

तोवर दुसरी वाट खुली झाली होती. 1999 मध्ये सुरू झालेली ‘ब्लॉगर’ ही ब्लॉग चालवायची सेवा गूगलने फेब्रुवारी 2003 मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये लोकांच्या पानांवर जाहिराती लावणारे अ‍ॅडसेन्स आणले. चार ओळींचा कोड पानात चिकटवायचा. जाहिरात कोणती, दर किती, हे सगळे गूगल ठरवणार. जाहिरातदाराच्या पैशांतला आपला हिस्सा किती, हे लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हते. तो 68 टक्के असल्याचे गूगलने जाहीर केले 2010 मध्ये. सात वर्षे लोक भाव न विचारता माल देत होते म्हणायचे.

आपल्याकडे या वाटेने पहिल्यांदा ठळकपणे गेले अमित अगरवाल. आयआयटीचे पदवीधर, हैदराबादेतली नोकरी सोडून आग्र्याला परतलेले. 2004 मध्ये त्यांनी ‘डिजिटल इन्स्पिरेशन’ हा ब्लॉग सुरू केला आणि भारतातला पहिला व्यावसायिक ब्लॉगर म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांचा दाखला देऊन ‘महिन्याला लाखो कमवा’ शिकवणारे वर्ग पुढे बरेच निघाले (त्या वर्गांची फी हीच त्यांतली खात्रीची कमाई). अगरवालांचा ब्लॉग इंग्रजीत होता, संगणकाच्या खटपटींविषयी होता आणि वाचक जगभरचे होते, हे दाखला देणारे सांगत नाहीत. अगरवाल स्वतःही पुढे जीमेल आणि गूगल शीट्सला जोडायची सॉफ्टवेअर बनवून विकू लागले.

जाहिरातींवर मजकूर पोसणे मराठीला नवे नाही. दिवाळी अंक त्यावरच उभे आहेत. फरक एवढाच की बँकेची किंवा सराफाची जाहिरात संपादक ओळखीपाळखीने मिळवतो आणि अ‍ॅडसेन्सची यंत्र नेमते. यंत्राला त्यासाठी भाषा कळावी लागते. बरहा आणि गमभन या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या काळात मराठी ब्लॉग भराभर निघाले, ‘ब्लॉग माझा’सारख्या स्पर्धाही झाल्या, पण अ‍ॅडसेन्स चालणाऱ्या भाषांच्या यादीत हिंदीच मुळी 2014 च्या अखेरीस आली. मराठीला आणखी काही वर्षे थांबावे लागले. तोवर लिहिणारे बरेचसे फेसबुकवर गेले होते.

यादीत आल्यावरही दराचा प्रश्न राहिला. कच्चा हिशेब मांडू: पान हजार वेळा उघडले की एक डॉलर, असे धरा. मराठी मजकुराला हा दर उदारच म्हणावा लागेल. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर 30,000 रुपयांसाठी महिन्याला साडेतीन लाख वेळा पान उघडायला हवे. शिवाय खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत हातात काही पडत नाही. हौसेने कविता टाकणाऱ्याने हे गणित न केलेलेच बरे.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्याही कमाईचा नळ दुसऱ्याच्याच हातात होता. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने ‘पांडा’ हा बदल आणून शोधातले क्रम फिरवले, त्यात अनेक साइट्स एका रात्रीत मागे फेकल्या गेल्या. जुलै 2013 मध्ये अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी दाखवणारा गूगल रीडर बंद झाला आणि ब्लॉग नियमाने वाचायची अनेकांची सवयच मोडली. सप्टेंबर 2023 मध्ये शोधात झालेल्या बदलाने कित्येक लहान साइट्स आडव्या केल्या. 2024 मध्ये शोधाच्या माथ्यावर एआयने लिहिलेले उत्तर आले; माहिती वर मिळाली की खालची लिंक कोण उघडतो?

गूगलला बाजूला ठेवून पाहिलेल्यांत अँड्र्यू सलिव्हन या पत्रकाराचे उदाहरण मोठे आहे. 2013 मध्ये त्याने आपला ‘द डिश’ हा ब्लॉग स्वतंत्र केला, वर्षाला 19.99 डॉलर वर्गणी ठेवली आणि हजारो वाचकांनी ती भरली. तरी 2015 च्या सुरुवातीला त्याने तो बंद केला. दीड दशक रोज, दिवसभर लिहून तब्येत खचली होती. पूर्णवेळ ब्लॉग म्हणजे सुटी नसलेले दुकान, हे हिशेबात सहसा कोणी धरत नाही.

कॉटकीने मधली वर्षे जाहिरातींवर काढली. नोव्हेंबर 2016 मध्ये त्याने पुन्हा वाचकांकडेच पैसे मागितले, पण या वेळी झोळी नव्हती. वर्गणी कार्डातून आपोआप कापली जाते, त्यामुळे दर वर्षी नव्याने विनवणी करावी लागत नाही. पैसे भरतात ते सभासद, पण लेख न भरणाऱ्यालाही वाचता येतात.